डफ, मैना आणि मुंबई

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या सभांचं वर्णन आपण वाचतो, ते बहुधा भाषणांपासून सुरू होतं. आचार्य अत्रे काय बोलले, एसेम काय म्हणाले, कॉम्रेड डांग्यांनी कुणाची कशी खिल्ली उडवली. पण शिवाजी पार्कवरची सभा त्याच्या बरीच आधी सुरू झालेली असे. पाळी सुटून माणसं यायला लागत तेव्हा व्यासपीठावर पुढारी नसत, शाहीर असे. मला आज बोलायचं आहे ते भाषणांच्या आधीच्या त्या वेळेबद्दल.

त्या वेळेचा राजा होता अमर शेख. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म १९१६ सालचा, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचा. आई मुनेरबी. लोकगीतांचा वारसा तिच्याकडून आला आणि आवाज कुठून आला ते अल्ला जाणे. बसवर क्लीनर, गिरणीत कामगार, मग संप, मग तुरुंग, अशी त्यांची शाळा. मुंबईत अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर हे दोघे सोबती मिळाले आणि १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं राहिलं. एक मुसलमान, एक वाटेगावच्या मांगवाड्यातून वडिलांबरोबर पायी चालत मुंबईला आलेला, शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेला तरुण, आणि तिसरे गवाणकर. तिघांच्या हातात डफ आणि मागे झीलकरी.

हा डफ त्यांनी नव्याने शोधला नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला, तेव्हाच आपल्याकडे इतिहासाची मालकी कुणाची, हा प्रश्न डफावर आला होता. पुढे सत्यशोधकांचे जलसे झाले, आंबेडकरी जलसे झाले. रंगभूमीवरही राजकारण होतंच. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त कीचकाच्या जागी प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि इंग्रज सरकारने १९१० साली त्या नाटकावर बंदी घातली. फरक एवढाच, की ‘कीचकवध’ बघायला तिकीट काढून जावं लागे. जलसा माणसांच्या दारात येत असे.

पोवाड्याची, तमाशाची घडण नीट पाहा. शाहीर एक ओळ म्हणतो, झीलकरी ती उचलतात. दुसऱ्या वेळी पुढच्या रांगेतले दोघेचौघे उचलतात. पाचव्या वेळी मैदान उचलतं. भाषण ऐकणारा माणूस शेवटपर्यंत ऐकणाराच राहतो. त्याला टाळी वाजवायची तेवढी मुभा. गाण्यात मात्र तो स्वतःच्या तोंडाने ते वाक्य म्हणतो, शेजारच्या अनोळखी माणसाबरोबर, एकाच तालात. कोकणातला, घाटावरचा, खानदेशातला असे सगळे त्या तालात काही काळ तरी ‘आम्ही’ होतात. राज्य गाण्याने मिळालं असं मी म्हणणार नाही. ते मिळालं १९५७ च्या निवडणुकीत समितीला पडलेल्या मतांनी, संपांनी आणि शंभरावर माणसांच्या प्राणांनी. पण ज्यांनी मतं दिली त्यांना ‘आम्ही म्हणजे कोण’ हे आधी कुणीतरी म्हणायला लावलं होतं.

अण्णाभाऊंनी तमाशाच्या आत हात घातला. गणात गणपतीच्या जागी मातृभूमी आली, हुतात्मे आले, कष्टकरी आले. गौळण त्यांनी काढून टाकली. वगात राजाऐवजी सावकार, गिरणीमालक, पुढारी उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने कलापथकाच्या तमाशांवर बंदी घातली. इंग्रज गेले होते, पण डफाची धास्ती खुर्चीतच राहिली होती. अण्णाभाऊंनी तमाशाला ‘लोकनाट्य’ म्हटलं आणि खेळ चालू ठेवला. आज हा शब्द आपण इतका सहज वापरतो, की त्याच्या जन्मामागे एक सरकारी हुकूम होता हे ध्यानातही येत नाही.

आता मैनेकडे येतो. अण्णाभाऊंची ती छक्कड ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. बायकोला गावी ठेवून पोटासाठी मुंबईला आलेल्या नवऱ्याचं ते गाणं. माझे एक चाचा पन्नासच्या दशकात लालबागला गिरणीत बदली कामगार होते. गावकऱ्यांच्या गाळ्यात पंधरावीस जण, पाळीपाळीने झोपायचे. जेवण खानावळीत. चाची गावी. चाचांना लिहिता येत नसे, म्हणून मनीऑर्डरच्या कुपनावरच्या चार ओळी दुसरा कुणी लिहायचा आणि गावात त्या पोस्टमन वाचून दाखवायचा, सगळ्यांसमोर. म्हणजे नवरा-बायकोत खाजगी असं काही बोलणंच शक्य नव्हतं. चाचा मला म्हणाले होते, “ती मैना ऐकली तेव्हा वाटलं, आपलं कुपन कुणीतरी बरोबर लिहिलं.”

अशा हजारो माणसांसमोर अण्णाभाऊ आधी ते विरहाचं दुखणं मांडतात. लावणीच्या मुशीतलं, ओळखीचं, थोडं हसवणारंही. मग मुंबई येते, तिचे महाल आणि तिच्या झोपड्या येतात, लढा येतो. आणि शेवटी कधी वळण घेतलं ते कळायच्या आत गावी राहिलेली मैना म्हणजे बेळगाव होते, कारवार होते, डांग-उंबरगाव होते. नकाशावरची रेघ गिरणी कामगाराला कुणी कशी समजावणार होतं? राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल वाचून? ताटातूट मात्र त्याला रोजची होती. हे गाणं टिकलं त्याचं कारण मला इथे दिसतं. मत त्यात शेवटी येतं. आधी ऐकणाऱ्याचं स्वतःचं काहीतरी त्याला परत दिलं जातं.

सगळंच टिकलं असं नाही. अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला, तो त्या काळात गाजला; आज तो अभ्यासकांपुरता उरला आहे. पक्षाला हवं म्हणून लिहिलेलं आणि आतून आलेलं यातला फरक ऐकणाऱ्याला पन्नास वर्षांनीही कळतो. गौळण काढली त्याचीही मला थोडी हळहळ आहे. मावशीचा चावटपणा गेला हे एक वेळ ठीक, पण वाट अडवणाऱ्याला तोंडावर उत्तर देणाऱ्या बायकांची जागाही त्याबरोबर गेली. मैनेचं रूप आपल्याला कळतं, तिचं मन तिचा नवरा सांगतो. तिचं कुपन आपण वाचलेलं नाही. चळवळीतल्या घरातली बाई काय सोसते, हे मराठीत थेट लिहिलं गेलं ते १९८४ साली, ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ या आत्मकथनात. लिहिणाऱ्या मल्लिका, अमर शेखांच्या कन्या.

माझा स्वतःचा एक धागा यात गुंतलेला आहे, तो सांगायलाच हवा. गेली तीसेक वर्षं मी मराठीत कविता लिहितो. कविसंमेलनात कविता झाली, की कुणीतरी प्रेमाने जवळ येतं आणि म्हणतं, “तुमचं मराठी किती छान आहे हो!” मी आभार मानतो. दुसरं काय करणार? पण घरी येताना मनात येतं, की ‘शाहीर’ हा शब्दच मुळी अरबीतल्या ‘शायर’चा. ‘डफ’ हा शब्दही तिकडूनच आलेला. पेशवाईच्या उतरत्या काळात ज्याच्या लावण्या-पोवाड्यांनी पुणं डोललं, तो सगनभाऊ जातीने मुसलमान शिकलगार. त्याच्याही कितीतरी आधी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला. मराठी आमच्या घरी पाहुणी म्हणून आलेली नाही.

अमर शेखांच्या नावाकडेच पाहा. ‘पटेल’ ठेवलं असतं तर ऐकणाऱ्याला जातधर्माचा पत्ता लागला नसता. त्यांनी ते गाळलं आणि ‘शेख’ ठेवलं. त्याच्या आधी लावलं ‘अमर’. अर्धं संस्कृत, अर्धं अरबी. त्या नावाचा माणूस मुंबई महाराष्ट्राचीच असं लाखोंच्या मैदानात खड्या आवाजात सांगत होता, आणि मैदान त्याच्यामागून तेच म्हणत होतं. फाळणीला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. मला या चळवळीतली ही गोष्ट एखाद्या ठरावापेक्षा मोठी वाटते. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. तिथे जमलेल्या आमच्यातल्या अनेकांसाठी ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ लिहिणारा हा माणूस घरातल्या वडीलधाऱ्यासारखा होता.

१ मे १९६० ला राज्य आलं. व्यासपीठं बदलली. ‘प्रपंच’ या चित्रपटात अमर शेखांनी काम केलं, अण्णाभाऊंच्या ‘फकिरा’ला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, ते रशियाला जाऊन आले, आणि परत घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीतल्या आपल्या खोलीतच आले. ज्या मुंबईसाठी गायले तिच्यात त्यांना धड घर मिळालं नाही. १९६९ च्या जूनमध्ये अत्रे गेले, १८ जुलैला अण्णाभाऊ, आणि २९ ऑगस्टला अपघातात अमर शेख. अडीच महिन्यांत तो मंच रिकामा झाला. पुढे १९८२ च्या संपानंतर गिरण्याही गेल्या, आणि गाळ्यांत राहणारी माणसंही पांगली.

बेळगावच्या आसपास, कडोली-उचगावच्या बाजूला, हिवाळ्यात मराठी साहित्य संमेलनं भरतात. गावकरी वर्गणी काढून ती भरवतात. एका वर्षी मी तिथे कविता वाचायला गेलो होतो. जेवणं झाली, मांडव निम्मा रिकामा झाला, आणि फेटा बांधलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने न विचारता मैना सुरू केली. डफ नव्हता, खुर्चीच्या पाठीवर बोटांनी ताल धरला होता. मुंबईत आता कलाकार बहुतेक वेळा विरहापाशी थांबतात, टाळ्या तिथेच पडतात. हे गृहस्थ थांबले नाहीत. पुढे गेले, आपल्या गावाचं नाव जिथे येतं तिथपर्यंत. तिथे आवाज थोडा खाली आला. मांडवातली भांडी आवरणारी पोरं झील धरायला उभी राहिली.