रांजणगावच्या विंचवाचं कूळ

शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीतून २०१५ साली एक वेगळीच पुंटो बाहेर पडली. अंगलोट नेहमीच्या फियाटची, पण नाकावर विंचू आणि बॉनेटखाली १४५ अश्वशक्तीचं टर्बो पेट्रोल इंजिन. दिल्लीतली शोरूम किंमत दहा लाखांच्या आत. पोरांनी तिच्या वेगाचं तोंडभरून कौतुक केलं. मला त्या विंचवाचं मोल वाटतं ते दुसऱ्याच कामगिरीसाठी.

हा विंचू कार्लो अबार्थचा. त्याने १९४९ मध्ये इटलीत कंपनी काढली आणि पुढे साध्या फियाट गाड्या शर्यतीसाठी तयार करण्यात नाव कमावलं. १९७१ मध्ये ती फियाटने घेतली. त्या दशकात रॅली हा कंपन्यांचा खेळ होत चालला होता. लान्चिया स्ट्राटोससारखी गाडी तर रॅलीसाठीच घडवलेली. पगारातून पेट्रोल भरणाऱ्या हौशी पोराने तिच्यापुढे काय घेऊन उभं राहायचं?

याचं उत्तर १९७७ मध्ये मिळालं: ऑटोबियांकी ए११२ अबार्थ या एकाच गाडीची रॅली ट्रॉफी सुरू झाली. जेमतेम सव्वातीन मीटर लांब, ७० अश्वशक्तीची बाजारातली गाडी. सगळ्यांनी तीच आणायची आणि नियमात बसतील तेवढेच बदल करायचे. खरी किमया या नियमात आहे. रॅलीत गाड्या ठरावीक अंतराने एकेक सुटतात. बंद केलेल्या रस्त्यावर घड्याळाशी झुंज असते आणि शेजारी बसलेला नॅव्हिगेटर वहीतून पुढचं वळण वाचत असतो. गाड्या सारख्या असल्या की दोन सेकंदांचा फरक हा वळणावर ब्रेक कुठे दाबला याचा असतो, खिशाचा नसतो. म्हणूनच अशा स्पर्धांत इंजिनाला सील ठोकतात आणि शंका आली तर शर्यतीनंतर ते उघडून मोजतात. तपासनीस ढिला पडला, तर स्वस्त मालिका दोन हंगामांत महाग होते.

पहिली ट्रॉफी आत्तिलिओ बेत्तेगाने जिंकली. पुढे तो लान्चियाच्या संघात पोचला आणि १९८५ मध्ये कोर्सिकाच्या रॅलीत अपघातात गेला. ए११२ची मालिका १९८४ पर्यंत चालली. मग तिची जागा फियाट युनोने घेतली. १९९६ मध्ये आपल्याकडे आली ती हीच युनो.

एकाच गाडीची स्पर्धा पुणे जिल्ह्यातल्या एका कंपनीनेही भरवली, ती चाकणच्या फोक्सवॅगनने. २०१० मध्ये त्यांनी पोलो कप सुरू केला. गाड्यांची देखभाल कंपनीकडे, चालकाने शुल्क भरून यायचं आणि चालवायचं. उपक्रम चांगला होता, पण तो ट्रॅकवरचा, आणि शर्यत संपली की गाडी कंपनीची.

रांजणगावच्या विंचवाच्या नावाने मात्र इथे रॅली मालिका झाली नाही, याची मला हळहळ वाटते. न्हावऱ्याहून चौफुल्याकडे जाताना शिरूर मागे पडून दौंड तालुका लागतो. भीमेच्या दोन्ही अंगांना उसातून जाणारे अरुंद रस्ते आहेत. रीतसर परवानगी काढून, गावांना विश्वासात घेऊन यातले काही रस्ते एका सकाळपुरते बंद ठेवता येतील. गाडी जुनी पुंटोच असावी, ज्याची त्याने आणलेली, इंजिनाला सील ठोकलेली.