खो-खोतील अखेरच्या मिनिटांचे निर्णय

खो-खोतील अखेरच्या मिनिटांचे निर्णय म्हणजे सामन्याच्या शेवटच्या पाळीत, किंवा तिचा निकाल डोळ्यांसमोर ठेवून आधीच, कर्णधार व प्रशिक्षक यांनी घेतलेले डावपेचात्मक निर्णय होत. नाणेफेकीनंतरची निवड, संरक्षकांच्या तुकड्यांचा क्रम, फॉलोऑन देणे वा न देणे, आणि अंतिम क्षणी सूर मारण्याचा धोका पत्करणे हे त्यांतील प्रमुख होत. महाराष्ट्रात, विशेषतः धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद), पुणे, ठाणे, सांगली अशा खो-खोची परंपरा असलेल्या जिल्ह्यांत, सामन्यानंतरची चर्चा बहुधा याच निर्णयांभोवती फिरते.

नियमांची पार्श्वभूमी

पारंपरिक खो-खोत दोन डाव असतात. प्रत्येक डावात दोन्ही संघांना आक्रमण व संरक्षण यांची एकेक पाळी मिळते. पुरुष व महिला गटांत ही पाळी दीर्घकाळ ९ मिनिटांची होती. आक्रमक संघाचे आठ खेळाडू चौकोनांत आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात व नववा पाठलाग करतो. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही. संरक्षकावर असे बंधन नसते. संरक्षक तीन-तीनच्या तुकड्यांनी मैदानात उतरतात व प्रत्येक बाद खेळाडूमागे आक्रमकांना एक गुण मिळतो.

आक्रमकाच्या हातून फाउल झाला, तर त्याला मागे फिरावे लागते. घड्याळ मात्र थांबत नाही. म्हणून शेवटच्या मिनिटात झालेला फाउल हा प्रत्यक्षात गमावलेला वेळच असतो. अखेरच्या पाळीतील आक्रमकांनी आवश्यक गुण वेळेआधी मिळवले, तर सामना तेथेच संपतो आणि निकाल 'अमुक मिनिटे राखून विजय' असा नोंदवला जातो. गुण समान राहिल्यास जादा डाव होतो. त्यानंतरही बरोबरी असल्यास 'लघुत्तम आक्रमण' या पद्धतीने, म्हणजे पहिला गडी बाद करण्यास कोणत्या संघाला कमी वेळ लागला यावरून, विजेता ठरतो.

निर्णयांचे प्रकार

नाणेफेक : नाणेफेक जिंकणारा कर्णधार आधी आक्रमण करायचे की संरक्षण हे निवडतो. आधी संरक्षण घेणाऱ्या संघाच्या वाट्याला शेवटचे आक्रमण येते, त्यामुळे किती गुण हवेत हे त्याला नेमके ठाऊक असते. आधी आक्रमण घेणाऱ्याला प्रतिस्पर्धी ताजेतवाने होण्यापूर्वी दडपण आणता येते, पण शेवटी आपल्याच संरक्षकांच्या पायांवर भिस्त ठेवावी लागते.

तुकड्यांचा क्रम : संरक्षकांची नावे पाळीपूर्वी क्रमाने नोंदवावी लागतात आणि ती पाळी संपेपर्यंत हा क्रम बदलता येत नाही. सर्वोत्तम तीन खेळाडू आरंभी उतरवले, तर आक्रमक ताजे असतानाच त्यांना झुंजावे लागते, परंतु घड्याळ मोठ्या प्रमाणात पुढे सरकते. त्यांना मागे ठेवले आणि आधीच्या तुकड्या झटपट बाद झाल्या, तर भरून काढण्याजोगे गुण उरत नाहीत. हा निर्णय शेवटच्या मिनिटाचा असला, तरी तो पहिल्या मिनिटाच्या आधीच घ्यावा लागतो, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

फॉलोऑन व पाळी थांबवणे : पहिल्या डावात नियमाने ठरवलेली आघाडी मिळाल्यास आघाडीवरील संघ प्रतिस्पर्ध्याला लागोपाठ दुसऱ्यांदा आक्रमण करण्यास सांगू शकतो. 'एक डाव व अमुक गुणांनी विजय' असे निकाल यातूनच येतात. मात्र त्यासाठी आपल्या संरक्षकांनाही सलग दुसऱ्यांदा धावावे लागते. तसेच आक्रमक संघाच्या कर्णधाराला वेळ संपण्याआधी आपली पाळी थांबवण्याची मुभा असते. खेळाडूंची दमछाक वाचवण्यासाठी तिचा उपयोग होतो.

सूर मारणे : संरक्षक हाताच्या टप्प्याबाहेर असता आक्रमक खांबाच्या आधाराने किंवा मोकळ्या पाटीत झेप घेऊन त्याला बाद करतो. झेप हुकल्यास तो जमिनीवर पडतो व पुन्हा उठून खो देईपर्यंत मौल्यवान सेकंद जातात. म्हणून धीराने खो देत संरक्षकाला कोपऱ्यात आणायचे की झेप घ्यायची, हा प्रश्न अखेरच्या क्षणी सर्वांत तीव्र होतो.

उल्लेखनीय प्रसंग

अल्टिमेट खो-खो, २०२२ : या व्यावसायिक लीगच्या पहिल्या हंगामाचा अंतिम सामना ४ सप्टेंबर २०२२ रोजी पुण्यात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात झाला. या स्पर्धेत साध्या स्पर्शाने बाद केल्यास दोन व सूर मारून बाद केल्यास तीन गुण मिळत. सामना संपण्यास काही सेकंद उरले असताना ओडिशा जगरनॉट्सच्या सूरज लांडे याने आकाशीय सूर मारून तीन गुण मिळवले आणि संघाने तेलुगू योद्धाज संघावर ४६–४५ अशी मात केली. येथे गुणपद्धतीचा परिणाम स्पष्ट दिसतो. ४३–४५ अशा स्थितीत साध्या स्पर्शाने केवळ बरोबरी झाली असती. ती झेप म्हणजे केवळ धाडस नव्हते, तर एका गुणाचा हिशेबही होता.

पहिला विश्वचषक, २०२५ : खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा १३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागारात झाली. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८–४० असे नमवले. तिसरी पाळी संपली तेव्हा गुणफलक ७३–२४ असा होता, म्हणजे नेपाळला विजयासाठी ५० गुण हवे होते. चौथ्या पाळीत चैत्रा बी. हिचा समावेश असलेल्या तुकडीने ५ मिनिटे १४ सेकंद टिकाव धरला आणि दीर्घ संरक्षणाचे पाच गुणही मिळवले. वेळ हाच गुण होय, या तत्त्वाचे हे ठळक उदाहरण मानता येईल. पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळवरच ५४–३६ असा विजय मिळवला. महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे व पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर हे दोघेही महाराष्ट्राचे आहेत. महिला संघात धाराशिवच्या अश्विनी शिंदे हिचाही समावेश होता.

धाराशिव जिल्हा

जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलल्यामुळे त्यापूर्वीच्या स्पर्धांच्या नोंदींत येथील संघाचा उल्लेख 'उस्मानाबाद' असा आढळतो. येथील महिला खो-खोला देशभर ओळख मिळवून देणाऱ्या सारिका काळे यांनी २०१६ मध्ये गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक विजेत्या भारतीय संघाचे नेतृत्व केले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोपटूला हा सन्मान २२ वर्षांच्या खंडानंतर लाभला होता.

घरच्या हलाखीमुळे अनेक वर्षे दिवसातून एकदाच जेवण मिळत असे आणि एका टप्प्यावर खेळ सोडून देण्याचा विचार मनात आला होता, असे काळे यांनी माध्यमांना सांगितले आहे. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घालून त्यांना पुन्हा मैदानावर आणले. प्रशिक्षकाच्या निर्णयांची चर्चा बहुधा शेवटच्या पाळीपुरती मर्यादित राहते. हा प्रसंग मात्र दाखवतो, की शेवटच्या पाळीत मैदानावर कोण उभे असणार हे कित्येकदा फार आधी, प्रेक्षक नसताना ठरते.

अन्य खेळांशी तुलना

अखेरच्या निर्णयावरील वाद सर्व खेळांत आढळतो. १ फेब्रुवारी २०१५ रोजी झालेल्या अमेरिकन फुटबॉलच्या ४९व्या सुपर बोल सामन्यात सिएटल सीहॉक्स संघ विजयापासून केवळ एका यार्डावर होता. चेंडू घेऊन घुसण्याऐवजी प्रशिक्षक पीट कॅरोल यांच्या संघाने पास टाकला. माल्कम बटलर याने तो मध्येच पकडला व न्यू इंग्लंड पेट्रियट्सने २८–२४ असा विजय मिळवला. या निर्णयावर प्रचंड टीका झाली. तथापि, पास हुकून चेंडू जमिनीवर पडला असता तर घड्याळ थांबून आणखी प्रयत्नांना वेळ उरला असता, असा युक्तिवाद निर्णयाच्या समर्थनार्थ केला जातो.

याउलट २४ सप्टेंबर २००७ रोजी जोहान्सबर्गच्या ट्वेंटी-२० विश्वचषक अंतिम सामन्यात पाकिस्तानला शेवटच्या षटकात १३ धावा हव्या असताना महेंद्रसिंह धोनी याने नवख्या जोगिंदर शर्माकडे चेंडू सोपवला. भारत ५ धावांनी जिंकला आणि तोच धोका दूरदृष्टी ठरला.

मूल्यमापन

या उदाहरणांवरून असे दिसते, की निर्णयाची कीर्ती किंवा अपकीर्ती बहुतांशी निकालावर अवलंबून राहते. निर्णयाची पारख करताना तो घेतला त्या क्षणी किती वेळ उरला होता, किती गुण हवे होते, कोणते खेळाडू दमलेले होते आणि दुसरा पर्याय कोणता होता, हे पाहणे अधिक न्याय्य होय. खो-खोच्या गुणपत्रिकेत प्रत्येक संरक्षक किती वेळ टिकला याची नोंद असते. त्यामुळे अशी पारख या खेळात पुराव्यानिशी करता येते.

हेही पहा

खो-खो
अल्टिमेट खो-खो
खो-खो विश्वचषक, २०२५
सारिका काळे
धाराशिव जिल्हा