व्यायाम, दाह आणि खेळाडूंमधील लोह

व्यायामामुळे शरीरात होणारा तात्पुरता दाह आणि रक्तातील लोहाचे प्रमाण यांचा परस्परसंबंध हा क्रीडावैद्यकातील महत्त्वाचा विषय आहे. लांब पल्ल्याचे धावपटू आणि मासिक पाळी येणाऱ्या महिला खेळाडू यांच्यात लोहाची कमतरता अधिक आढळते.

यंत्रणा

दीर्घ किंवा तीव्र व्यायामात स्नायूंमधून इंटरल्युकिन-६ हे प्रथिन रक्तात येते. त्याच्या प्रभावाने यकृत हेपसिडिन हे संप्रेरक स्रवते. पेशीतील लोह रक्तात सोडणारे द्वार म्हणजे फेरोपोर्टिन. हेपसिडिन त्याला चिकटून ते नष्ट करते, हे नेमेथ, गान्झ आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखवले. परिणामी अन्नातील लोह आतड्याच्या पेशींतच अडकते. हेपसिडिनची पातळी व्यायामानंतर साधारण 3 ते 6 तासांनी सर्वाधिक असते. म्हणजे सकाळी सराव करणाऱ्या मुलीचे दुपारचे जेवण नेमके या काळात येते. घाम, आतड्यातील सूक्ष्म रक्तस्राव आणि टाच वारंवार जमिनीवर आपटल्याने फुटणाऱ्या तांबड्या पेशी यांमुळेही थोडे लोह कमी होते.

तपासणीतील अडचण

लोहाचा साठा फेरिटिनवरून मोजतात. पण फेरिटिन दाहातही वाढते. त्यामुळे कठोर सरावानंतर किंवा तापात घेतलेल्या नमुन्यात साठा रिता असूनही आकडा समाधानकारक दिसू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी प्रौढांसाठी लिटरमागे 15 मायक्रोग्रॅम ही सीमा मानली असून संसर्ग वा दाह असल्यास ती 70 धरावी असे सुचवले आहे. म्हणून विश्रांतीनंतर, सकाळी, शक्यतो सी-रिॲक्टिव्ह प्रथिनासोबत तपासणी करणे इष्ट ठरते. हे प्रथिनही कठोर व्यायामानंतर वाढते. मात्र नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये त्याची विश्रांतीतील पातळी सहसा कमी असते.

सरावाने रक्तद्रव वाढून हिमोग्लोबिन काहीसे कमी दिसते. यास ‘क्रीडा रक्तक्षय’ म्हणत असले तरी तो खरा रक्तक्षय नव्हे. उलटपक्षी, हिमोग्लोबिन सामान्य असतानाही लोहसाठा घटल्याने दमछाक होऊ शकते. ती आळस समजली जाण्याचा धोका असतो.

धाराशिवच्या संदर्भात

धाराशिव जिल्हा महिला खो-खोसाठी ओळखला जातो. येथील सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने 2016 च्या गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 नुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा पार्श्वभूमीवर मैदानात उतरणाऱ्या मुलींचा लोहसाठा मुळातच तुटपुंजा असण्याची शक्यता मोठी आहे.

मराठवाड्याच्या आहारातील ज्वारीची भाकरी, डाळी आणि पालेभाज्या यांत लोह असते. परंतु फायटेटमुळे ते कमी शोषले जाते. लिंबू, आवळा किंवा पेरू सोबत घेतल्यास शोषण सुधारते, तर जेवणालगतचा चहा ते घटवतो. मोड आणल्याने कडधान्यांतील फायटेट कमी होते.

उपचार

लोहाच्या गोळ्या सकाळी, सरावापूर्वी किंवा सराव संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत घेणे सोयीचे मानतात, कारण तेव्हा हेपसिडिन वाढलेले नसते. तपासणीविना त्या दीर्घकाळ घेऊ नयेत. शरीराकडे जादा लोह बाहेर टाकण्याचा सक्रिय मार्ग नाही आणि काही व्यक्तींत ते यकृतात साचून हानी करते.