आंघोळीची अट

माँटेसरी शाळेचा पहिला प्रवेश-नियम शिक्षणाबद्दल नव्हता, अंग धुण्याबद्दल होता. शिवाय ही शाळा काढायची कल्पनाही कुणा शिक्षकाची नव्हती. ती एका घरमालक कंपनीची होती.

रोम इटलीची राजधानी झाल्यावर तिथे बांधकामाला ऊत आला आणि १८८८ च्या सुमारास हा सगळा धंदा कोसळला. सान लोरेन्झो भागात अर्धवट उभ्या राहिलेल्या चाळवजा इमारतींमध्ये मग गरीब कुटुंबं दाटीवाटीनं राहू लागली. यातल्या बऱ्याच इमारती एका गृहसंस्थेनं विकत घेतल्या आणि डागडुजी करून भाड्यानं दिल्या. आईबाप कामाला गेले की मागे राहिलेली लहान मुलं जिन्यांवर, भिंतींवर हात साफ करत. संस्थेचे संचालक एदुआर्दो तालामो यांनी साधा हिशेब मांडला: दुरुस्तीवर जाणारा पैसा एका खोलीवर आणि एका बाईच्या पगारावर घातला तर? ही खोली चालवायला त्यांनी डॉ. मारिया माँटेसरी यांना बोलावलं. ६ जानेवारी १९०७ रोजी व्हिया दे मार्सीवरच्या ५८ नंबरच्या इमारतीत ‘कासा देई बाम्बिनी’ म्हणजे मुलांचं घर सुरू झालं. पन्नासेक मुलं जमली.

फी नव्हती. अटी मात्र होत्या. मूल त्याच इमारतीतल्या भाडेकरूचं हवं, शाळेच्या वयाला न पोचलेलं हवं. आईनं ते वेळेवर, स्वच्छ अंगानं, स्वच्छ कपड्यांत, वर एप्रन घालून पाठवायचं. बाईंचा मान ठेवायचा आणि मुलाबद्दल त्यांच्याशी नियमित बोलायला यायचं. मूल न धुतलेलं किंवा मळक्या कपड्यांत आलं तर त्याला काढून टाकण्याची तरतूद होती. आईबाप उर्मटपणे वागले तरी तीच शिक्षा. या नियमांना घरमालकाचा वास येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. भिंती सांभाळायच्या म्हणून निघालेली शाळा ती.

पण माँटेसरींच्या हातात गेल्यावर त्याच अटीचा रंग बदलला. त्या आधी डॉक्टर होत्या. १८९६ साली रोम विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेऊन त्यांनी मनोरुग्णालयातल्या मुलांबरोबर काम केलं होतं. मुलं आली की बाई त्यांचे हात, नखं, मान, कान, तोंड, दात बघत. कपड्याचं बटण तुटलंय का, बूट मळलेत का, हेही. धाक घालणं हा त्यामागचा हेतू नव्हता. मुलानं स्वतःकडे बघायला शिकावं, हा होता. तीन वर्षांच्या मुलाचा हात पोचेल इतक्या ठेंगण्या बैठकीवर हातपाय धुण्याची सोय केली गेली. शाळेला एक डॉक्टरही जोडलेला असे.

वजनाची पद्धत तर खास त्यांच्या डोक्यातून निघालेली. मूल ज्या वारी जन्मलं, त्या वारी दर आठवड्याला आंघोळीआधी त्याचं वजन करायचं. जन्मवार सात, त्यामुळे पन्नास मुलांच्या आंघोळीही आपोआप आठवडाभर विभागल्या जात आणि बाईंची त्रेधा उडत नसे. उंची महिन्यातून एकदा, जन्मतारखेच्या हिशेबानं. आपला वार आणि आपली तारीख मुलांच्या लक्षात राहावी, म्हणजे त्यांना दिवसांचा क्रमही कळेल, ही त्यामागची युक्ती. १९०९ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकात हा सगळा तपशील आहे. माँटेसरी म्हटलं की लोकांना गुलाबी मनोरा आणि मण्यांच्या माळा ही साधनं आठवतात. वजनकाटा कुणालाच आठवत नाही.

शाळेनं मुलाच्या तब्येतीकडेही बघायचं, हा विचार एकट्या रोमचा नव्हता. त्याच १९०७ साली इंग्लंडनं शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी कायद्यानं सुरू केली, कारण बोअर युद्धासाठी आलेले तरुण तपासणीत ढिगानं नापास झाले होते. अमेरिकेत बॉस्टन शहरानं १८२७ मध्येच देवीची लस घेतल्याशिवाय शाळेत घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. इटलीत ही अट आत-बाहेर करत राहिली: १९६७ मध्ये लशीच्या दाखल्याशिवाय शाळेत प्रवेश नाही असा नियम झाला, १९९९ मध्ये तो सैल केला गेला आणि गोवर पसरल्यावर २०१७ च्या कायद्यानं पुन्हा आवळला. दहा लशी सक्तीच्या झाल्या. सहा वर्षांच्या आतल्या मुलाचा दाखला नसेल तर बालवर्गाचं दार बंद; त्याहून मोठ्याला शाळा मिळते, पण पालकांना दंड होऊ शकतो.

स्वतः माँटेसरी नोव्हेंबर १९३९ मध्ये मद्रासला उतरल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या. पण त्यांची पद्धत त्यांच्याआधीच इथे पोचली होती. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. तिथवर सगळं शहरी, पांढरपेशं. मुलं घरून न्हाऊनमाखून, केस विंचरून येणार हे गृहीतच होतं.

१९४५ मध्ये ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ सोबत आल्या आणि हे गृहीत पहिल्याच फटक्यात मोडलं. मुलं येईनात, आली तर शेंबडी, खरजेनं भरलेली, केसांत उवा. रोमची नियमावली इथे लावली असती तर शाळा संध्याकाळपर्यंत रिकामी झाली असती. मग क्रम उलटा झाला. सेविका वस्तीवर जाऊन मुलांना गोळा करू लागल्या. नखं काढणं, आंघोळ घालणं, केस विंचरणं हाच दिवसाचा पहिला पाठ ठरला. विलायती साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शिंपले, खडे, पानं वापरात आली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात भरली. १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेलं आणि आदिवासी मुलांसाठी गुरं राखता राखता शिकण्याची कुरणशाळाही निघाली. प्रवेशाची अट मुलाकडून काढून शाळेच्या अंगावर घेणं, ही या दोघींची कामगिरी. बालशिक्षणाच्या इतिहासात तिची जितकी दखल घ्यायला हवी तितकी घेतली जात नाही. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना पुढे पद्मश्री मिळाली, ती गोष्ट वेगळी.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण ही कामं एकाच अंगणवाडीत आली. शहरातली इंग्रजी नावाची नर्सरी आजही अर्जासोबत जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड मागते. मुलांना ‘माँटेसरीत घालताना’ आईबाप त्या कार्डाची झेरॉक्स काढायला धावतात. अंगणवाडीत कार्ड कोरं असलं तरी मुलाला बसवून घेतात. ताई त्याला काट्यावर उभं करतात, वजन नोंदवून घेतात आणि लसीकरणाच्या दिवशी नर्सबाई आल्या की राहिलेली सुई टोचून घ्यायला त्याच्या आईला निरोप धाडतात.