शरीरप्रतिमा आणि खाण्याचे विकार

स्वतःच्या शरीराविषयी मनात असलेल्या चित्राला मानसशास्त्रात ‘शरीरप्रतिमा’ म्हणतात. ॲनोरेक्सिया नर्व्होसा या विकारात वजन धोकादायक पातळीपर्यंत घटूनही अनेक रुग्णांना आपण स्थूल आहोत असेच वाटते. घरच्यांना तो हट्ट वाटतो. परंतु मानसोपचारतज्ज्ञ हिल्डे ब्रुख यांनी १९६२ मध्येच या विपर्यस्त जाणिवेला विकाराचे प्रमुख लक्षण मानले होते.

मेंदूच्या चित्रणामुळे या अभ्यासाला नवी दिशा मिळाली. फंक्शनल एमआरआय तंत्रात रक्तातील प्राणवायूच्या बदलांवरून मेंदूचा कोणता भाग कार्यरत आहे, हे कळते. मानवी शरीराची चित्रे पाहताना विशेष सक्रिय होणारा मेंदूतील भाग पॉल डाउनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिला. पुढे ॲनोरेक्सियाच्या रुग्णांमध्येही या भागाचा अभ्यास झाला.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय संशोधनात ६८५ रुग्ण स्त्रिया आणि ९६३ निरोगी स्त्रियांच्या मेंदूच्या चित्रांची तुलना करण्यात आली. रुग्णांच्या मेंदूचे बाह्य आवरण पातळ झालेले आढळले. मात्र ज्यांचे वजन काही प्रमाणात पूर्ववत झाले होते, त्यांच्यात ही घट कमी होती. म्हणजेच मेंदूतील बदलांचा मोठा भाग उपासमारीशी निगडित असून वेळीच पोषण मिळणे महत्त्वाचे ठरते.

भारतात मात्र या विकाराचे रूप काहीसे वेगळे दिसले आहे. दिल्लीच्या तज्ज्ञांनी १९९५ मध्ये नोंदविलेल्या पाच तरुणींमध्ये शरीरप्रतिमेचा ठळक बिघाड आढळला नाही. चेन्नईत टी. एन. श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी स्वतंत्र प्रश्नावली तयार करून २१० वैद्यकीय विद्यार्थ्यांची पाहणी केली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १४.८ टक्के विद्यार्थ्यांमध्ये, मुख्य विकारांहून सौम्य असा, खाण्याविषयीचा मानसिक त्रास दिसून आला.

त्यामुळे ‘मी जाड आहे’ असे रुग्ण म्हणत नाही, एवढ्यावरून विकार नाही असे समजणे चुकीचे ठरते. एमआरआयवरूनही या विकाराचे निदान होत नाही. वजन, आहार, मासिक पाळी आणि मनःस्थिती यांची तपासणी तज्ज्ञांनीच करावी लागते. वजन झपाट्याने घटणे, जेवण टाळणे किंवा जेवणानंतर मुद्दाम उलटी काढणे अशी लक्षणे दिसल्यास विनाविलंब डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते.