बर्फावरची विजेती : आन्द्रेआ मीड लॉरेन्स

बर्फाळ उतार आपल्या भागात नाहीत. त्यामुळे स्कीची शर्यत म्हणजे काय, हे आपणांपैकी पुष्कळ भगिनींना ठाऊक नसणे स्वाभाविक आहे. पायांना लांब, अरुंद पट्ट्या बांधून डोंगराच्या उतारावरून वेगाने घसरत खाली यायचे, असा हा खेळ. त्यातील ‘स्लालम’ हा प्रकार फारच अवघड. बर्फात रोवलेल्या काठ्यांच्या जोड्यांमधून नागमोडी वळणे घेत उतरावे लागते. एक जोडी जरी चुकली तरी खेळाडू बाद! दोन फेऱ्यांच्या वेळांची बेरीज करून निकाल लावतात.

या खेळात कीर्ती मिळविणारी आन्द्रेआ मीड १९ एप्रिल १९३२ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात जन्मली. आईवडिलांनी पिको डोंगरावर स्कीचे केंद्र काढले होते. तेथेच ती वाढली. १९४२ साली वडील पाण्यात बुडून वारले. आईने खचून न जाता केंद्राचा कारभार सांभाळला. १९४८ साली सेंट मॉरित्झच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अवघ्या पंधरा वर्षांची आन्द्रेआ स्लालममध्ये आठवी आली.

पुढचे ऑलिंपिक १९५२ साली ऑस्लोला झाले. एकोणीस वर्षांची आन्द्रेआ आता अमेरिकन महिला संघाची नायिका होती. ‘जायंट स्लालम’ ही शर्यत तिने २.२ सेकंदांनी जिंकली. मग स्लालमचा दिवस उजाडला. पहिल्याच फेरीत तिची पट्टी काठीला अडकली आणि ती जोडी चुकून पुढे घसरली. आता संपले, असेच कोणालाही वाटले असते. परंतु ती चढ चढून मागे गेली, चुकलेली जोडी पार केली आणि तशीच खाली आली. एवढे होऊनही ती चौथी होती! दुसऱ्या फेरीत तिने सर्वांना मागे टाकले व एकूण ०.८ सेकंदाने सुवर्णपदक मिळविले. एकाच ऑलिंपिकमध्ये स्कीची दोन सुवर्णपदके मिळविणारी ती पहिली अमेरिकन.

१९५६ साली कोर्तिना येथे त्या पुन्हा उतरल्या, तेव्हा तीन मुलांच्या आई होत्या. त्या वेळी पदक केवळ ०.१ सेकंदाने हुकले. त्याने त्यांची थोरवी कमी झाली, असे कोण म्हणेल?

पुढे पतीपासून विभक्त झाल्यावर पाच मुलांना घेऊन आन्द्रेआबाई कॅलिफोर्नियातील मॅमथ लेक्स या डोंगरी गावी आल्या. तेथे बेसुमार बांधकामे उठू लागली, तेव्हा त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना एकत्र करून संस्था काढली व कोर्टाची पायरी चढली. १९७२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, खाजगी बांधकामाला परवानगी देण्यापूर्वीही निसर्गावर होणाऱ्या परिणामांचा विचार झालाच पाहिजे. नंतर १६ वर्षे त्या मोनो कौंटीच्या कारभारी मंडळावर निवडून येत राहिल्या.

३० मार्च २००९ रोजी त्या निवर्तल्या. २०१३ साली तेथील एका शिखराला त्यांचे नाव देण्यात आले.

पदके दोन शर्यतींत मिळाली. डोंगर राखण्यास मात्र चाळीस वर्षे लागली. चुकलेल्या ठिकाणी परत चढून जाण्याची सवय त्यांना ऑस्लोलाच लागली होती. आपल्या मंडळाच्या कामात एखादी जोडी चुकली, तर भगिनींनो, या बाईंची आठवण अवश्य ठेवावी.