मुद्देमाल

‘पोलिसांनी चोरट्याला मुद्देमालासह जेरबंद केले.’ हे वाक्य छापले नाही असा दिवस मराठी वर्तमानपत्रांत विरळाच. त्यातल्या ‘मुद्देमाल’ या शब्दाचे कूळ अरबी आहे. ‘माल’ म्हणजे धन, वस्तू. ‘मुद्दा’ आला ‘मुद्दआ’वरून. त्याचा अर्थ जिच्यावर हक्क सांगितला आहे अशी गोष्ट. ‘दावा’ आणि फिर्यादीला म्हणतात तो ‘मुद्दई’, हे दोन्ही शब्द त्याच धातूचे. फारसी दप्तरांतून ही सगळी भावकी मराठीत आली आणि वादातल्या वस्तूवरून ‘मुद्दा’ वादातल्या बोलण्यावरही जाऊन बसला. सभेत आपण मुद्दे मांडतो ते याच घराण्यातले.

मला या शब्दात मोलाची वाटते ती त्याची बाजू. ‘लूट’ म्हटले की लुटारू आठवतो. ‘मुद्देमाल’मध्ये मूळ धनी उभा आहे. वस्तू कोणाच्याही घरात सापडो, तिच्यावर दावा सांगणारा कोणीतरी आहे, हे त्या शब्दातच आहे.

पेशवाईत हा दावा गावावरही येई. चोरी झाली की गावचा रखवालदार पावलांचा माग काढत निघे. माग शिवेपलीकडे गेला, तर तो पुढच्या गावच्या रखवालदाराच्या हवाली करायचा. ज्या गावात माग थांबला, त्याने चोर द्यावा, माल द्यावा, नाहीतर भरपाई करावी. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनने 1819 च्या आपल्या अहवालात या पद्धतीची नोंद केली आहे.

1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 410 ने चोरीच्या मालमत्तेची व्याख्या केली. चोरी, खंडणी, जबरी चोरी, अपहार, विश्वासघात यांतले काहीही तीत येई. त्याच कलमात एक सुंदर तरतूद होती: वस्तू हक्काच्या माणसाच्या ताब्यात परत आली, की ती ‘चोरीची’ राहत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलम 317 मध्ये आले आणि त्यात फसवणुकीचीही भर पडली.

पोलीस ठाण्यात मात्र शब्द ऐसपैस झाला. रक्ताळलेला कोयता, जुगाराच्या अड्ड्यावरची रोकड, गावठी दारूचे कॅन, सगळे मुद्देमालच. पंचनामा होतो, पुडके बांधून लाखेची मोहोर लावतात, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवतात, आणि ते मुद्देमाल कारकुनाच्या नोंदवहीत चढते. गुजरातीतही ‘मुद्दामाल’ चालतो. हिंदी पट्ट्यातले पोलीस ‘माल मुकदमा’ म्हणतात. आपल्याकडच्या न्यायालयांच्या इंग्रजी आदेशांतही ‘मुद्देमाल’ तसाच लिहितात.

बातमीदारांना एक सांगणे. चोरट्यांनी लांबवला तो ‘ऐवज’ लिहावा, पोलिसांनी हस्तगत केला तो ‘मुद्देमाल’. दोन्ही शब्द हाताशी असताना एकावरच भार कशाला?

आणि ज्यांचा ऐवज सापडला आहे त्यांनी खटल्याच्या निकालापर्यंत थांबू नये. अंतरिम ताब्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली सांगितले आहे, की पंचनामा, छायाचित्रे आणि बंधपत्र घेऊन अशा वस्तू लवकर परत द्याव्यात. खरेदीची पावती तेवढी जपून ठेवा.